डायलिसिसच्या फेऱ्या आणि हायब्रिड गाडी: विक्रोळीतल्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरात माझे छोटे गॅरेज आहे. हे प्रकरण माझ्या मावसभावाच्या घरचे. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, नावे बदलली आहेत. गाडी घेण्यापूर्वीच्या चर्चेत मी होतो आणि पुढे २२ महिने वहिनीने ठेवलेली पेट्रोलची वही माझ्यासमोर आहे.

घर विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. मावसभाऊ मंदार वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला, लोकलने जाणारा. त्याची बायको स्नेहल घरूनच हिशेबाची कामे करते. मुलगी इरा सहावीत. मंदारचे वडील, म्हणजे नाना, ७३ वर्षांचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नानांचे डायलिसिस सुरू झाले. केंद्र शीवला, घरापासून ११ किलोमीटर. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी १ ते ५.

घरात २०११ ची डिझेल हॅचबॅक होती. तिचा क्लच दगडासारखा झाला होता. गाडी मुख्यतः स्नेहल चालवणार होती आणि तिचा डावा गुडघा आधीच कुरकुरत होता.

अडचण

ज्यांच्या घरात डायलिसिस नाही त्यांना ही फेरी म्हणजे नेणे-आणणे एवढेच वाटते. चार तास रक्त यंत्रातून फिरून आल्यावर माणूस पार गळून जातो. नानांचा रक्तदाब उतरायचा, पायांत गोळे यायचे, कधी मळमळायचे. त्या अवस्थेत पाच वाजता शीवहून निघायचे आणि ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर छेडानगर ते घाटकोपर या टप्प्यात गोगलगायीसारखे सरकायचे. ११ किलोमीटरला कधी ५० मिनिटे, पावसात सव्वा तास. जुन्या गाडीत उभ्या उभ्या एसी गार करायचा नाही, आणि डिझेल इंजिनाची थरथर नानांना सहन होईनाशी झाली होती.

पहिले दोन महिने त्यांनी ॲपवरच्या टॅक्सीने काढले. पैशांचा विचार केला तर हा मार्ग खरोखर वाईट नव्हता. जाऊन-येऊन साधारण ५५० ते ६०० रुपये, वर्षाला १५६ फेऱ्या, म्हणजे ९० हजारांच्या आसपास. १८-२० लाखांच्या गाडीपुढे टॅक्सीच स्वस्त पडते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते. पण डिसेंबरात एका संध्याकाळी लागोपाठ चार चालकांनी भाडे रद्द केले. नाना केंद्राच्या दारात व्हीलचेअरवर पाऊण तास बसून होते. त्या रात्री मंदारने मला फोन केला तेव्हा गाडी घ्यायची हे ठरलेलेच होते. कोणती घ्यायची, एवढाच प्रश्न उरला होता.

समोरचे पर्याय

ऑटोमॅटिक हवी, मागे चढता-उतरताना वाकावे लागू नये, एसी उभ्या गाडीतही चालावा आणि डिकीत घडीची व्हीलचेअर मावावी, या चार अटी स्नेहलने कागदावर लिहून काढल्या. हा कागद पुढे फार कामाला आला.

सीएनजी पहिल्याच फेरीत बाद झाली. त्यांना बसेल अशा आकाराच्या एसयूव्हीत सीएनजी फक्त हाताच्या गिअरसोबत मिळत होती आणि सिलिंडरने डिकी खाल्ली होती. शिवाय पंपावरची रांग. डायलिसिसला वेळेवर पोहोचायचे असताना रांगेत वीस मिनिटे कोण घालवणार?

विजेची गाडी हा माझ्या मते सर्वांत योग्य पर्याय होता. डायलिसिसच्या दिवशी सोडून परत आणि पुन्हा आणायला मिळून ४४ किलोमीटर, ठरलेला रस्ता, जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात रस्ताकर माफ. पण इमारत जुनी. पार्किंग उघड्यावर, नावाने जागा नाही, जो आधी येईल त्याची गाडी आत. मंदारने सेक्रेटरींना तोंडी विचारले. वायरिंगवर लोड येईल, आग लागली तर जबाबदार कोण, पुनर्विकास येतोच आहे, मग खर्च कशाला, अशी उत्तरे आली. मंदार तिथेच थांबला. या थांबण्याबद्दल मला पुढे बोलायचे आहे.

साधी पेट्रोल ऑटोमॅटिक, दीड लिटरची, हा तिसरा पर्याय. आणि चौथा स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर असलेली आणि अधूनमधून नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी. २०२२ पासून त्या आकारात दोन गाड्या बाजारात होत्या, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा. दोन्हींची हायब्रिड यंत्रणा एकच, त्यामुळे त्यांनी कोणती घेतली याने या लेखात फरक पडत नाही. दीड लिटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन, ९२ पीएस (साधारण तेवढीच हॉर्सपॉवर). सोबत ८० पीएसची मोटर. दोन्ही मिळून ११६ पीएस. बॅटरी मात्र इवलीशी, ०.७६ किलोवॅट-तासाची, म्हणजे जेमतेम पाऊण युनिट विजेची. ती प्लगला लावायची नसते. ब्रेक लावताना आणि इंजिन चालू असताना ती आपसूक भरते.

माझे पहिले मत हायब्रिडच्या विरोधात होते. 'बॅटरी गेली की लाखाच्या घरात जाशील, आणि माझ्या गॅरेजात ती उघडताही येणार नाही,' असे मी मंदारला सांगितले. सांगताना वॉरंटी वाचलेली नव्हती. बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे हे स्नेहलने मला दाखवले. त्यांच्या वापराचे वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर आठ वर्षांत लाखही होत नाहीत. मी सल्ला मागे घेतला.

अठरा वर्षांचा हिशेब

खरा पेच पैशांवर आला. सारख्या सोयींच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा हायब्रिड ऑन रोड २ लाख ९० हजारांनी महाग होती. मंदारच्या मेहुण्याने जाहिरातीतले आकडे घेऊन हिशेब मांडला. पेट्रोल ऑटोमॅटिकचे ॲव्हरेज २०.५८, हायब्रिडचे २७.९७. वर्षाला १२ हजार किलोमीटर. एकीला ५८३ लिटर, दुसरीला ४२९. वाचले १५४ लिटर. तेव्हा मुंबईत पेट्रोल १०६ रुपयांच्या वर होते, म्हणजे वर्षाला १६ हजार ४०० रुपये. जादा दिलेले पैसे वसूल व्हायला जवळपास १८ वर्षे! मेहुण्याची आकडेमोड बिनचूक होती आणि घरातल्या सगळ्यांना ती पटली.

मला मात्र ते २०.५८ खटकत होते. प्रयोगशाळेतली चाचणी एसी बंद ठेवून होते आणि त्यात घाटकोपर नसते. साधी पेट्रोल गाडी उभी असतानाही पीत राहते, आणि मुंबईत ती अर्धा वेळ उभीच असते. हायब्रिड उभी राहिली की इंजिन बंद पडते. ती मोटरवर सरकते, एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, आणि ब्रेकमध्ये एरवी उष्णता होऊन जाणारी ताकद बॅटरीत परत येते. त्यामुळे गर्दीत साध्या गाडीचे ॲव्हरेज निम्म्यावर येते, हायब्रिडचे तेवढे कोसळत नाही. म्हणजे जाहिरातीतले आकडे हायब्रिडला फुगवून दाखवतात असे आपण समजतो, पण मुंबईत ते तिची बाजू उलट कमकुवत करून दाखवतात.

हे पटवायला वाद घालून भागणार नव्हते. माझ्या एका मित्राची तशीच दीड लिटरची पेट्रोल ऑटोमॅटिक आठवडाभर मागून घेतली. टाकी फुल केली, नानांच्या तिन्ही दिवसांच्या फेऱ्या केल्या, १३२ किलोमीटर, आणि परत टाकी फुल केली. साडेतेरा लिटर गेले. म्हणजे ९.८ चे ॲव्हरेज.

हायब्रिडची चाचणी शोरूमच्या आसपासच्या पाच किलोमीटरच्या चकरेत करायची नाही असे ठरवले. विक्रेता आधी तयार नव्हता. दुसऱ्यांदा विनंती केल्यावर संध्याकाळी साडेपाचला शीव ते विक्रोळी चालवायला मिळाली. एसी चालू, चार माणसे. पडद्यावर २१ दिसले. आम्ही १९ धरले.

नवा हिशेब: साध्या गाडीला १२२४ लिटर, हायब्रिडला ६३२. वर्षाला ६२ हजारांहून जास्त फरक. १८ वर्षांचे साडेचार वर्षे झाले. त्यांच्याच घरी वर्षाचे सहा हजार किलोमीटर असते तर मी साधी गाडी घ्या असेच सांगितले असते.

व्हीलचेअर घेऊन शोरूमला

स्नेहलच्या कागदावरची चौथी अट सगळे विसरले होते. हायब्रिडची बॅटरी डिकीच्या तळाशी असते, त्यामुळे डिकी साध्या प्रकारापेक्षा बरीच लहान. पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी ती घरची व्हीलचेअर घेऊन शोरूमला गेली. आडवी ठेवून झाकण लागेना. पायांच्या पट्ट्या काढल्या, वरचा ट्रे काढून टाकला, मग बसली. सामानाला जागा उरली नाही, पण शीवच्या फेरीला सामान कुठे असते? हे चालेल असे तिने ठरवले. कोकणात जाताना त्याची किंमत मोजावी लागेल हेही तिला तेव्हाच कळले होते.

गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली.

वही काय सांगते

वहीत प्रत्येक टाकीची नोंद आहे, आणि फेरी कसली होती हेही. त्यामुळे एरवी सरासरीत लपून जाणाऱ्या गोष्टी दिसतात.

शीवच्या फेऱ्यांचे ॲव्हरेज १९ ते २१. गर्दी जास्त असलेल्या दिवशी ते फारसे पडत नाही. मे २०२४ मध्ये चिपळूणला जाताना २१.५ आले, तेही चिपळूणमधल्या एका रुग्णालयात नानांच्या डायलिसिसची वेळ आधी घेऊन, सामान मागच्या सीटवर रचून. मोकळ्या हायवेवर साधी गाडीही १६ देते, तेव्हा तिथे हायब्रिडची कमाई थोडीच.

सर्वांत वाईट आकडे इराच्या क्लासचे. दीड किलोमीटर जायचे, गाडी बंद, तासाने दीड किलोमीटर परत. तिथे १२ ते १३. कारण सरळ आहे. इंजिन थंड असले की धूर साफ करणारा कन्व्हर्टर तापेपर्यंत ते चालूच राहते, आणि ते तापेपर्यंत क्लास येतो. हे दिसल्यावर इरा सायकलने जायला लागली.

परशुराम घाट उतरताना मंदार घाबरला होता. निम्म्या उतारानंतर इंजिन एकाएकी मोठ्याने घुमायला लागले. बिघाड नव्हता. बॅटरी इतकी लहान आहे की चार माणसांची गाडी शे-दीडशे मीटर उंची उतरली की ती भरून जाते. मग ब्रेकची ताकद साठवायला जागाच राहत नाही, आणि गाडी इंजिनाचा अडसर वापरते. लांब उतारावर गिअर 'बी' मध्ये टाकायचा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. हे ताबा देताना कोणी सांगितले नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट. बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. नानांसाठी ठेवलेली उशी आणि चादर नेमकी त्या जाळीवर पडलेली मला दिसली. तेव्हापासून ती जागा मोकळी ठेवतात आणि सर्व्हिसला तिथली गाळणी साफ करून घेतात.

नानांचे मत वहीत नाही. ते एवढेच म्हणतात की परतताना आता डोळा लागतो.

गाडी सुरू न झालेली सकाळ

फेब्रुवारी २०२५ मध्ये नानांना जंतुसंसर्ग झाला, १८ दिवस रुग्णालयात होते. मंदार आणि स्नेहल लोकलने ये-जा करत होते. गाडी इमारतीखाली उभी. घरी सोडण्याच्या दिवशी सकाळी स्नेहलने बटण दाबले तर पडदा एकदा मिणमिणला आणि विझला.

शेजाऱ्यांनी लगेच सांगितले, हायब्रिड बॅटरी गेली, आता चार लाख. मला फोन आला तेव्हा स्नेहलचा आवाज कापत होता.

गेली होती ती साधी १२ व्होल्टची बॅटरी. या गाडीला वेगळा स्टार्टर नाही. इंजिन मोठ्या, म्हणजे हायब्रिडच्या, बॅटरीच्या बळावर मोटरच फिरवते. पण ती मोठी बॅटरी जोडून देणारी सगळी यंत्रणा १२ व्होल्टवर जागी होते. ती बॅटरी संपली तर मोठीत कितीही वीज असो, 'रेडी' दिवा लागत नाही. जंपर केबल लावली, दोन मिनिटांत गाडी सुरू झाली आणि नाना दुपारी घरी आले.

बॅटरी का संपली? बाहेरच्या दुकानात बसवून घेतलेला डॅशकॅम. तो गाडी बंद असतानाही चालू राहील अशा जोडणीवर होता आणि १८ दिवस रिकाम्या पार्किंगचे चित्रण करत होता. जोडणी बदलली. आता गाडी आठवडाभर हलणार नसेल तर कोणीतरी खाली जाऊन ती 'रेडी' करून अर्धा-पाऊण तास ठेवते. नुसते रेडिओपुरते बटण दाबून बसायचे नाही. तसे केले की १२ व्होल्टची बॅटरी भरत नाही, उलट उतरते.

१९ ऑगस्ट २०२५

मंगळवार, म्हणजे डायलिसिसचा दिवस. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. कुर्ल्यात मिठी नदी चढली होती, लोकांना हलवत होते. चेंबूरजवळ मोनोरेल प्रवाशांसह अडकली तो हाच दिवस. नानांना नेणे भाग होते, कारण डायलिसिस चुकले की पाणी आणि पोटॅशियम साठत जाते. मंदारचे म्हणणे होते की गाडी उंच आहे, निघू या.

मी नको म्हटले. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरचे महिने मी बुडालेल्या गाड्या उघडण्यात घालवले आहेत. हायब्रिडच्या नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरी आणि जोडण्या नीट बंद केलेल्या असतात, थोड्या पाण्याने काही होत नाही. पण बॅटरी मागे खाली, तळाशी आहे. पाणी केबिनमध्ये शिरले तर नुकसान साध्या गाडीपेक्षा कितीतरी मोठे. अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर ही गाडी घालायची नाही, हा नियम आम्ही पहिल्या पावसाळ्यातच ठरवला होता, आणि शीवच्या आसपास तेव्हा त्याहून जास्त पाणी होते.

स्नेहलने केंद्राला फोन केला. डॉक्टरांशी बोलून वेळ बुधवारी सकाळी घेतली, दिवसभर नानांना पाणी मोजून दिले. बुधवारी पाणी ओसरल्यावर गेले. ही फेरी टळली याचे श्रेय गाडीला नाही, स्नेहलच्या त्या फोनला आहे. पुढच्या नूतनीकरणाला त्यांनी विमा कंपनीकडून लेखी विचारून घेतले की पाण्याचे नुकसान इंजिनासोबत हाय व्होल्टेज बॅटरीलाही धरले आहे का. पहिल्या वर्षीच्या पॉलिसीत ते नव्हते. वर्षभर कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

आजवरचा ताळेबंद

डिसेंबर २०२५ पर्यंत २१ हजार ५०० किलोमीटर झाले. एकूण ॲव्हरेज १९.१, पेट्रोल ११२६ लिटर. रविवारच्या मोकळ्या फेऱ्या आणि कोकण धरून साध्या गाडीने सरासरी ११ दिले असते असे मानू, म्हणजे १९५५ लिटर. वाचले ८२९ लिटर, सुमारे ८६ हजार रुपये. या वेगाने २ लाख ९० हजार भरून यायला सहा वर्षे लागतील. आमचा अंदाज साडेचारचा होता. चूक माझी. शीवच्या गर्दीचा आकडा मी सगळ्या किलोमीटरना लावला. नंतर पेट्रोलही थोडे उतरले, आणि २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे खाली येणारच.

ब्रेक पॅड अजून पहिलेच आहेत. स्नेहलचा गुडघा दुखत नाही.

काय वेगळे करता आले असते

माझ्या मनात राहून गेलेली गोष्ट विजेच्या गाडीची आहे. चार्जर म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मॉलमधले मोठे यंत्र आले, सेक्रेटरींच्याही. ४४ किलोमीटरना सहा-सात युनिट वीज लागते. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती दोन-सव्वादोन तासांत भरते. पाण्याचा पंप चालवणाऱ्या इमारतीला हा लोड जड नाही. मंदारने तोंडी विचारले, तोंडी नकार घेतला. लेखी अर्ज, वायरमनचा लोडचा दाखला आणि स्वतःच्या खर्चाने सब-मीटर, एवढे घेऊन जनरल बॉडीत गेला असता तर निदान चर्चा झाली असती. मीही तेव्हा त्याला हे सुचवले नाही. नानांच्या फेऱ्या उद्यापासून हव्या होत्या, सोसायटीशी झगडायला महिने गेले असते, हे खरे आहे. पण अर्ज करायला एक संध्याकाळ लागली असती.

दुसरे, डॅशकॅमसारखी वस्तू बसवण्याआधी माझ्याकडे यायला हवे होते, आणि मीही ताबा घेतानाच सांगायला हवे होते. तिसरे, विमा. चौथे, हिशेब करताना फेऱ्या वेगवेगळ्या काढायला हव्या होत्या: गर्दीच्या वेगळ्या, मोकळ्या वेगळ्या, छोट्या वेगळ्या. वही आधी ठेवली असती, नुसती महिनाभर जुन्या गाडीची, तरी सहा वर्षांचा आकडा पहिल्याच दिवशी दिसला असता. तरीही त्यांनी हीच गाडी घेतली असती असे स्नेहल म्हणते, आणि नानांच्या परतीच्या प्रवासाकडे पाहून मला ते पटते.

आज कोणी हाच निर्णय घेत असेल तर आकडे नव्याने मांडावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या पेट्रोल आणि हायब्रिड दोन्ही गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, विजेच्या गाडीला ५ टक्केच.

सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेसाठी मंदारने अर्ज दिला आहे. कंपाउंडच्या भिंतीलगत चार सॉकेट, प्रत्येकाला सब-मीटर, खर्च वापरणाऱ्यांचा. सोबत वायरमनचा दाखला जोडला आहे, आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या.